दाजींना विचारलेले प्रश्न

सुरतेहून आलो म्हटलं की आमच्या अमळनेरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साड्या किती आणल्या?" आणि दुसरा, "घारी आणली का?" या खेपेला मी ना साड्या आणल्या, ना ती तुपाळ मिठाई. लोक जरा हिरमुसले. तेव्हा निदान हकिकत तरी सांगतो.

ही हकिकत खरं तर आधीच्या खेपेची आहे. सुरतेत प्लेगची साथ येऊन गेल्यानंतरचा दुसरा हिवाळा असेल. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि आठवड्यातून एकदा आमच्या जिल्ह्याच्या दैनिकात सदर लिहितो. पेजर म्हणजे काय, फॅक्सवर कागद कसा येतो, कम्प्युटर आला तर कारकुनांचं काय होईल, असे विषय. त्या सुरतेच्या खेपेवरही मी परत आल्या आल्या लेख लिहिला होता. लोकांना फार आवडला. हेडमास्तरांनी तो शाळेच्या फलकावर लावला. त्यात एकही घटना खोटी नव्हती, आणि तरीही तो लेख आज माझ्याच्यानं वाचवत नाही. म्हणून पुन्हा लिहितो आहे, या वेळी काही न गाळता.

चलथाण, शुक्रवार

ताप्ती लाईनच्या पॅसेंजरबद्दल काय लिहायचं? ती आली आणि मी तिच्यात बसलो, एवढं पुरे. सुरतेच्या दोन-तीन स्टेशनं अलीकडे चलथाण लागतं. हंगाम चालू होता, त्यामुळे डब्याच्या दारातच साखर कारखान्याचा वास नाकात शिरला. उसाच्या गाड्यांची रांग फाटकापर्यंत आलेली. तीतून वाट काढताना मी चिपाडांच्या चिखलात पाय घातला आणि चप्पल तिथंच राहिली. ती काढून दिली एका गाडीवाल्यानं, आणि वर मला गुजरातीत काहीतरी सुनावलं. ते मला समजलं नाही हे बरंच झालं.

माझी थोरली बहीण लताताई तिथं एका लांबलचक चाळीत राहते. खोलीला तिकडे ओरडी म्हणतात. ओरडीत पाऊल टाकलं की मात्र थेट खानदेश.

"उना का रे भाऊ? इतला उशीर?" ताई म्हणाली. "हातपाय धोय, मंग बठ."

भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. माझ्या दोन भाच्या आपसात गुजराती बोलत होत्या, दारातल्या मैत्रिणीशी हिंदी, आणि अहिराणी फक्त आईनं रागावलं की. "ह्यास्ले अहिराणी गाया खावापुरती येस," ताई म्हणाली, म्हणजे शिव्या खाण्यापुरती, आणि दोघी हसत सुटल्या.

तिचे यजमान, म्हणजे माझे वसंतदाजी, कडोदऱ्याच्या एका साडीच्या कारखान्यात ग्राफ काढायचं काम करत. मी आलो होतो तो त्यांच्याच निरोपावरून. त्यांच्या शेठनं डिझाईनसाठी नवा कम्प्युटर आणला होता. दाजींनी मोठ्या अभिमानानं सांगून ठेवलं होतं की माझा शालक या विषयावर पेपरात लिहितो, आणि शेठ म्हणाला होता, बोलवा.

कडोदरा, शनिवार

कडोदऱ्याच्या हायवेवर सकाळी उभं राहिलं की कानात दडे बसतात. एकीकडे ट्रक, दुसरीकडे माग. कारखान्याला तिथं खातं म्हणतात. "मी खात्यात जातो" असं एक पोऱ्या म्हणाला तेव्हा मला वाटलं, हा सरकारी नोकर दिसतो. खात्यात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, खुणा करतात. दाजी जिना चढून मला वर घेऊन गेले, खिडकीशेजारच्या त्यांच्या टेबलाशी.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफ म्हणजे आपल्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद, पण चादरीएवढा. एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. चौकट लाल रंगवली की नक्षीचा धागा तिथं वर दिसणार, कोरी ठेवली की खाली जाणार. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या ओळीनं ओवून मागावर चढवतात, आणि माग त्या भोकांबरहुकूम धागे उचलतो. एका पदराचा ग्राफ रंगवायला दाजींना दोन-तीन आठवडे लागत.

"दाजी, भोक शे, नही तर नही शे. हाऊ बी कम्प्युटरच व्हयना ना!" मी म्हणालो.

"मंग मी वीस वरीसपाईन कम्प्युटरमाच बठेल शे का?" ते म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले. खूश झालेले दिसत होते.

मग त्यांनी मला टाका दाखवला. कोयरी सगळीच्या सगळी लाल रंगवली तर धागा या कडेपासून त्या कडेपर्यंत मोकळा सुटतो. दिसायला झकास, पण बाईची बांगडी अडकली की ओढला जातो आणि साडी वाया. म्हणून लालात मधूनमधून एक चौकट कोरी सोडायची, म्हणजे धागा तिथं दाबला जातो. दाजी त्याला टाका म्हणत. टाके एका रेषेत आले तर कापडावर चरा उमटतो, फार पसरले तर नक्षी विरविरीत दिसते. दाजींचे टाके दिसतच नसत. पानात ते शिरेसारखे जात, मोराच्या गळ्यात पिसांसारखे. नमुना मागावरून उतरला की ते खिशातून ताईची एक जुनी काचेची बांगडी काढत आणि कापडावरून उलटसुलट फिरवत. बांगडी कुठं अडली नाही की मगच शेठकडे.

दुपारी शेठचं बोलावणं आलं. कांतीशेठ पन्नाशीचे, पांढरे कपडे, कमरेला पेजर. माणूस वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून टाकतो. कम्प्युटरसाठी वेगळी थंड खोली केली होती, आणि देवघरासारखी पायताणं बाहेर काढायची होती. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी नारळ. माझ्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा बाहेर. उद्याच्या जगाबद्दल लिहिणारा मी त्या खोलीत डावा पाय उजव्यामागे लपवून उभा राहिलो. दाजी तर दारातच थांबले. खोली होऊन महिना झाला होता, पण ते आत कधी गेले नव्हते.

कम्प्युटरवर शेठची सून बसत होती, हेतलबेन. बडोद्याला कोर्स करून आलेली, हुशार, बोलायला नम्र. तिनं पहिला पदर पुरा केला होता, आणि त्याचा नमुना त्याच दिवशी मागावरून उतरला होता. मोठमोठ्या कोयऱ्या, चकचकीत. शेठनं तो माझ्यापुढे पसरला. जे काम दाजी तीन आठवड्यांत करत ते तिनं दोन दिवसांत केलं होतं.

दाजींनी दारातूनच नमुन्याची कड ओढून घेतली, बांगडी काढली आणि फिरवली. पहिल्याच कोयरीत अडकली. त्यांनी हलकेच ओढली तर मूठभर धागा बाहेर आला. दुसऱ्या कोयरीत तेच. टाकाच नव्हता. पडद्यावर रंग भरलेली कोयरी भरीव दिसत होती आणि हेतलबेनला ती भरीवच वाटली. कापड हातात धरून कुणी तिला कधी काही शिकवलंच नव्हतं.

शेठचा चेहरा उतरला. "आ तो डबलो छे," ते म्हणाले. "सोमवारे पाछो मोकली दो." मग माझ्याकडे वळून, "मास्तरसाहेब, वसंतभाई का हाथ ही सच्चा."

हेतलबेन खाली मान घालून बसली. दाजी दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण मी त्यांना वीस वर्षं ओळखतो, ते सुखावले होते. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर डबा सोमवारी परत गेला असता. अजून एखाद-दोन वर्षांनी दुसरा आलाच असता, हे मला कळतं. पण ती एखाद-दोन वर्षं दाजींची झाली असती.

मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, "शेठजी, मशीन में कमी नहीं है. मशीन को किसी ने बताया नहीं है." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे लेखातही वापरलं.

हेतलबेननं पडदा उघडून दाखवला, तर प्रोग्रॅममध्ये टाक्यांसाठी जागा होतीच. विकणाऱ्यानं ती रिकामी दिली होती, कारण तिथं काय भरायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी दाजींकडे पाहिलं. "दाजी भरतील," मी म्हणालो. "उद्या रविवार. मी त्यांना विचारून सगळं लिहून आणतो."

चलथाण आणि सुरत, रविवार

सकाळी ताईनं चहा दिला आणि मी वही उघडली.

"दाजी, कोयरीना पोटमा टाका कितला घर सोडीसन?"

"तसं काही मोजत नही, भाऊ. दिसस."

"दिसस म्हंजे?"

"म्हंजे हातले समजस."

हातले समजस, याच्यापुढे एखादा सरळ माणूस थांबला असता. मी पडलो मास्तर. पोराला उत्तर येत असतं पण सांगता येत नसतं, तेव्हा ते कसं बाहेर काढायचं हा माझा धंदाच. मी दाजींना ग्राफच्या तुकड्यांवर कोयऱ्या काढायला लावल्या. लहान, मोठ्या, डावीकडे झुकलेल्या, उजवीकडे. मग घरं, म्हणजे चौकटी, मोजत बसलो. आणि काय गंमत, जे ते मोजत नव्हते ते मोजल्यासारखं निघत होतं. पोटात टाके ठरावीक अंतरानं, दर ओळीला दोन घरं सरकलेले. वळणावर अंतर कमी. कडेच्या तीन घरांत टाका कधीच नाही. पान असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं.

"हाई पहा दाजी, तुम्ही दर येळे असंच करतस."

दाजी वाकून बघत राहिले. "मी असं करस?" ते म्हणाले. "माले बी मालूम नव्हतं."

मग त्यांना चेव आला. मोराचं सांगू लागले, कमळाचं, वेलीचं, पदराच्या कोपऱ्यात नक्षी मुडपते तिथलं. आधी अडखळत, नंतर माझा हात पुरेना. ते एरवी कमी बोलणारे. भाच्याही टीव्ही सोडून ऐकायला येऊन बसल्या. मला आठवतं, ते मधेच उभे राहून भिंतीवर बोटानं नक्षी काढून दाखवत होते.

ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळंच एकदम नका सांगा."

"का वं?" दाजी म्हणाले. "भाऊ परका शे का?"

"भाऊ परका नही," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मी तिला समजावलं, जशी मी वाचकांना समजावत असे. ताई, दाजींच्या डोक्यातलं मशीनमध्ये गेलं की दाजी त्या मशीनचे मास्तर. यांच्याशिवाय त्यांचं पान हलणार नाही. ताईनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुपारनंतर काम पुरं झालं म्हणून दाजी सगळ्यांना सुरतेला पोंक खायला घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपल्याकडे शेतात आगटीभोवती बसून तळहातावर चोळून खायचा, ज्याचं शेत त्यानं आग्रह करायचा. तिकडे तापीच्या काठी रांगेनं मांडव, कोवळे दाणे तागडीत मोजून, वर बारीक शेव, लिंबू, लसणाची हिरवी चटणी, सोबत गरम पोंकवडे. सुरतकर रविवारी घरात जेवत नाहीत की काय असं वाटावं अशी गर्दी. रस्ते कसे झाडून पुसून लख्ख. हुरड्याला कुणी पैसे देतं हे मला पटेना, आणि मी तसं मोठ्यानं म्हटलं. दाजी मात्र दोनदा उठून आणखी घेऊन आले. इतके मोकळे हसताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

कडोदरा, सोमवार

सोमवारी दाजी पाय धुऊन कम्प्युटरच्या खोलीत गेले. हेतलबेननं त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. मी वहीतून वाचायचो, दाजी मान हलवायचे, ती चौकटी भरायची. अडलं की मी दाजींचं बोलणं तिच्या हिंदीत सांगायचो. एकेक टाक्याला तिनं आकडा दिला. संध्याकाळपर्यंत रिकामी जागा भरली. मग तिनं तीच कोयरी उघडली, एक बटण दाबलं, आणि सबंध पदरभर टाके पडले. पापणी लवायच्या आत. दाजींनी पडद्याला नाक लावून बघितलं.

"बराबर," ते म्हणाले. मग हळूच, "एकदम बराबर."

नमुना मंगळवारी उतरला. बांगडी सरसर फिरली. शेठनं पेढे वाटले, दाजींना शाल दिली, माझा हात दोन्ही हातांत धरला. मी दुपारच्या गाडीला बसलो आणि गाडीतच लेखाची पहिली ओळ लिहिली. यंत्र कारागिराला मारत नाही, मोठं करतं, अशी ती ओळ होती.

चलथाण, या खेपेला

मधल्या काळात ताईची पत्रं आली, पण तिनं काही कळवलं नाही. या हिवाळ्यात मी गेलो ते भाचीच्या साखरपुड्याला. तिथं पोचल्यावर कळलं.

शेठनं दाजींना काढलं नव्हतं. सात-आठ महिने दाजींचे जुने ग्राफ एकेक करून मशीनमध्ये घेतले जात होते, तोवर त्यांना टेबल होतं. हेतलबेननं त्यांना माऊस धरायला शिकवायचा प्रयत्नही केला, मनापासून. पण ब्रशला सवकलेला हात टेबलावर घसरायचा, कीबोर्डच्या पाटीवरची अक्षरं इंग्रजी, आणि डोळ्यांना पाणी यायचं. नंतर टेबलाच्या जागी दुसरा कम्प्युटर आला. दाजींना खाली घडी खात्यात घेतलं. मागावरून उतरलेल्या कापडाच्या घड्या घालायच्या, एवढंच.

मी म्हणालो, दुसऱ्या खात्यात जावं, ग्राफवाला कुठंही लागतो. तेव्हा ताईनं मला ते सांगितलं जे मला त्या रविवारी वही उघडण्याआधीच सुचायला हवं होतं. प्रोग्रॅम विकणारा माणूस दुरुस्तीला आला होता, त्यानं ती भरलेली जागा पाहिली आणि फ्लॉपीवर उतरवून नेली. आता तो प्रोग्रॅम विकताना ती भरूनच देतो. कडोदऱ्यात दाजी ज्या ज्या खात्यात विचारायला गेले, तिथं त्यांचे टाके त्यांच्या आधी पोचले होते. एका ठिकाणी तर ते पडद्यावर बघून दाजी म्हणाले, हे माझे. तिथला माणूस म्हणाला, काका, ये तो कम्प्युटर में आता ही है.

मी इतकी वर्षं लिहीत आलो की नवं तंत्र आलं तर शिकून घ्यावं, घाबरू नये. चूक नाही ते. पण माणसाचं एकदा शिकलेलं लोकांना पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच मागायला यावं लागतं, यावर त्याचं घर चालतं, मान चालतो, हे माझ्या कुठल्याच लेखात नव्हतं. मी एक सोमवार घालवून लोकांचं ते मागायला येणं बंद केलं. शेठनं नाही, हेतलबेननं नाही. त्यांना दाजींच्या हातातलं काढून घेता आलंच नसतं. त्यांच्याकडे मास्तर नव्हता. मला याची लाज वाटते, आणि ती कुठल्या शब्दात लिहिली म्हणजे कमी होईल हे मला ठाऊक नाही.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींची सुट्टी होती. ओरडीबाहेर खाटेवर आम्ही दोघंच ऊन खात बसलो होतो. ते थोडे वाकले आहेत. मी बराच वेळ जुळवाजुळव केली आणि शेवटी म्हणालो, "दाजी, मन्हं चुकनं. मी तुमले ते इचाराले नको व्हतं."

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"असं काय बोलस रे?" ते म्हणाले. "वीस वरीस मी त्या खुर्चीवर बठनु. कोनी एक दिन इचारं नही, वसंता, तू हाई कसं करस. शेठनी नही, तुन्ही बहीननी बी नही. तू इचारं. तवय माले समजनं का माले कितलं येस ते."

 त्यांनी खाटेवर सरकून मला नीट जागा करून दिली, पाय वर घेऊन मांडी घातली आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"आते आजून काही इचार ना," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. विचारण्यासारखं जे होतं ते मी सगळं त्या रविवारी विचारून घेतलं होतं.